भूकंप, विज्ञान आणि व्याख्यानाचे व्यासपीठ

वसंत व्याख्यानमाला ही आपल्याकडील जुनी संस्था आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यास तिचा आरंभ झाला, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी एखाद्या जाणत्या माणसाचे बोलणे तास-दीड तास ऐकावे व मग प्रश्न विचारावेत, ही चाल हळूहळू मराठी मुलखात रूढ झाली. मराठवाड्याच्या वाट्यास मात्र हे सुख उशिरा आले. निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध हुकमान्वये जाहीर सभेस आगाऊ परवानगी काढावी लागे. नांदेड असो की लातूर, चार माणसांसमोर उभे राहून मोकळेपणाने बोलणे हा येथे १७ सप्टेंबर १९४८ नंतरच खऱ्या अर्थाने नागरिकाचा हक्क झाला. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन व पुढे प्राचार्यपद सांभाळणारे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्यासारख्यांनी त्या हक्काचा पुरेपूर उपयोग केला आणि व्याख्यान हे लोकशिक्षणाचे साधन आहे हे गावोगाव दाखवून दिले.

जो हक्क कष्टाने मिळाला त्याचा उपयोग आपण कसा करतो, हे मधूनमधून तपासून पाहिले पाहिजे. येथे विज्ञानविषयक व्याख्यानांपुरताच विचार करावयाचा आहे. धर्मनिरपेक्ष, मानवतावादी विचारांची मंडळी अशी व्याख्याने आवडीने भरवितात. पण ती ऐकून श्रोत्याच्या हाती नेमके काय पडावे? हा विचार हवेत राहू नये म्हणून आपल्या भागातील एकच उदाहरण घेऊ, आणि ते म्हणजे किल्लारीचा भूकंप.

काय घडले

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. भूकंपाचे परिमाण, म्हणजे वृत्तपत्रांत ‘रिश्टर’ म्हणून जो आकडा येतो तो, सुमारे ६.२ होते. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांतील गावेच्या गावे क्षणात दगडमातीचे ढीग झाली. मृतांची संख्या निरनिराळ्या अहवालांत सुमारे ८,००० पासून सुमारे १०,००० पर्यंत दिलेली आहे. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

या आकड्यांत एक विचित्र गोष्ट दडलेली आहे. ६.२ परिमाणाचा भूकंप हा जगाच्या हिशेबात फार मोठा भूकंप नव्हे. तेवढे किंवा त्याहून मोठे अनेक भूकंप पृथ्वीवर दरवर्षी होत असतात. जपानसारख्या देशात एवढ्या धक्क्याने क्वचितच इतकी प्राणहानी होईल. मग येथेच एवढा संहार का झाला? भूकंपावरील व्याख्यानाने प्रथम या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. पण त्याआधी श्रोत्यांतून हमखास दुसराच प्रश्न येतो: “पुन्हा होईल का? आणि केव्हा?”

हा प्रश्न भाबडा समजून टाळता येणार नाही. ज्याच्या घरची माणसे गेली, त्याला खंडांच्या हालचालींचे कुतूहल नसते. आज रात्री आत झोपावे की अंगणात, एवढेच त्याला विचारावयाचे असते.

माहीत असलेले

आपल्या पायाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून शिलारस वर येऊन थरावर थर पसरले, त्यांपासून दख्खनचे पठार बनले. किल्लारी येथे या थरांची जाडी सुमारे ३४० मीटर आहे, हे भूकंपानंतर घेतलेल्या खोल छिद्रावरून स्पष्ट झाले. त्याखाली फार पुरातन असा ग्रॅनाइटासारखा खडक आहे आणि त्याला जुन्या भेगा आहेत. वरून पाहणाऱ्यास सपाट काळे रान दिसते. खालची भेग त्याला दिसत नाही.

भारताचा भूखंड वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकत आहे व आशियाला रेटीत आहे. त्या रेट्याने हिमालय उंचावला. पण रेटा केवळ कडेलाच लागतो असे नाही. गाडीला पुढून अडविले आणि मागून ढकलीत राहिले, तर ताण साऱ्या साट्यावर येतो आणि जेथे जुनी चीर असेल तेथे लाकूड कुरकुरते. तसाच ताण भूखंडाच्या मध्यभागी फार सावकाश साठत जातो आणि शेकडो वा हजारो वर्षांनी एखाद्या जुन्या भेगेवर एकाएकी मोकळा होतो. किल्लारीस असेच घडले. भेग फार खोल नव्हती, त्यामुळे वरच्या गावांना धक्का अधिक जाणवला.

येथे विज्ञानाची एक उणीवही सांगितली पाहिजे. १९९३ साली देशाच्या भूकंपप्रवण नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या, वर्गात होता. असा नकाशा मुख्यतः झालेल्या भूकंपांच्या नोंदींवरून काढतात. पण माणसाच्या नोंदी दोन-चारशे वर्षांच्या आणि भेगेचा हिशेब हजारो वर्षांचा! नोंद नाही म्हणून धोका नाही, असे अनुमान त्यातून निघाले. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने दख्खनच्या पठाराच्या स्थिरतेविषयीच्या समजुतीला पहिला धक्का दिला होता आणि किल्लारीने दुसरा दिला. २००२ साली सुधारलेल्या नकाशातून तो पहिला वर्गच काढून टाकण्यात आला व किल्लारीचा परिसर तिसऱ्या वर्गात घालण्यात आला. पुरावा बदलला तेव्हा नकाशा बदलला. व्याख्यात्याने ही हकीकत लपवू नये, उलट मुद्दाम सांगावी. विज्ञान कसे चालते, हे श्रोत्यास यावरून जितके कळेल तितके व्याख्येवरून कळणार नाही.

माहीत नसलेले

आता ‘केव्हा’ या प्रश्नाकडे वळू. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या भागात शंभराहून अधिक लहान धक्के जाणवले होते. नंतर ते मंदावले आणि सुमारे अकरा महिन्यांनी मोठा धक्का आला. हे ऐकले की श्रोता साहजिकच म्हणतो, “म्हणजे सूचना मिळाली होती!” घटना होऊन गेल्यावर ती सूचना वाटते खरी. परंतु २००७ च्या सुमारास नांदेड शहरातही असेच लहान धक्के वारंवार जाणवले आणि त्यांच्या पाठोपाठ मोठा भूकंप आला नाही. लहान धक्क्यांनंतर मोठा येतो असे म्हणावे तर नांदेड आडवे येते, येत नाही असे म्हणावे तर किल्लारी आडवी येते. दोन्ही ठिकाणी सुरुवात सारखीच दिसते. शेवट कोणता, हे त्या वेळी ओळखण्याची युक्ती आजवर कोणास सापडलेली नाही.

चीनमध्ये फेब्रुवारी १९७५ मध्ये हायचंग येथे मुख्यतः लहान धक्क्यांवरून लोकांना घराबाहेर काढण्यात आले, भूकंप खरोखरच झाला आणि पुष्कळ प्राण वाचले. भाकिताची विद्या साधली असे तेव्हा अनेकांस वाटले. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी, तांगशान शहराला तशी कोणतीच सूचना मिळाली नाही आणि सरकारी आकड्याप्रमाणे २,४०,००० हून अधिक माणसे दगावली. यावरून एवढेच दिसते की एखादा अंदाज खरा ठरला म्हणून अंदाजाची रीत खरी ठरत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. इटलीत लाक्विला शहराला २००९ च्या आरंभी लहान धक्के बसत होते. ३१ मार्च रोजी तज्ज्ञांची बैठक झाली. लहान धक्क्यांनी जमिनीतील जोर मोकळा होत आहे, ही चांगलीच गोष्ट आहे, असा दिलासा एका अधिकाऱ्याने लोकांना दिला. ६ एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसे मेली. अधिकारी व सहा शास्त्रज्ञ यांना २०१२ साली शिक्षा झाली, २०१४ साली अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली पण सुटली नाही. भाकीत केले नाही हा त्यांचा दोष नव्हता, कारण भाकीत करता येतच नाही. वाद होता तो खोट्या दिलाशाबद्दल.

तो दिलासा खोटा कसा, हे हिशेबाने सांगता येते. परिमाण एकाने वाढले की मोकळी होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दोनांनी वाढले तर ३२ गुणिले ३२, म्हणजे सुमारे हजार पट. तेव्हा सहा परिमाणाच्या भूकंपाचा जोर लहान धक्क्यांनी ओसरावयाचा तर चार परिमाणाचे हजार धक्के बसावे लागतील. “बारके धक्के होऊन गेले, आता भीती नाही,” हे वाक्य आपल्याकडेही पारावर ऐकू येते. त्यास उत्तर म्हणून एवढा गुणाकार पुरे आहे.

सारांश, “केव्हा?” या प्रश्नास प्रामाणिक व्याख्यात्याचे उत्तर “सांगता येत नाही” असेच असले पाहिजे. मात्र तेथेच त्याने थांबू नये. श्रोता रित्या हाताने घरी गेला तर उद्या तो तारीख सांगणाऱ्याच्या दारात उभा राहील, आणि त्याला नुसते हसून आपले काम झाले असे आपणांस म्हणता येणार नाही.

हाती असलेले

माणसे मरतात ती पुष्कळदा जमीन हादरल्याने नव्हे, घर अंगावर आल्याने. १९९३ सालच्या त्या गावांतील घर कसे होते? दोन-तीन फूट, कोठे त्याहूनही जाड अशी भिंत. तिचे बाहेरचे व आतले अंग गोट्यांचे, चिखलात रचलेले, मध्ये बारीक दगडांची भर. दोन्ही अंगांना बांधून ठेवील असा आरपार जाणारा दगड बहुधा नसे. वर लाकडी खांब, तुळया, फळ्या आणि त्यांवर मातीचे माळवद. पावसाळ्यात गळू नये म्हणून उन्हाळ्यात वर नवी माती टाकीत. वर्षानुवर्षे असे केल्याने थर फूट-दोन फूट होई.

त्या मातीचे वजन किती? चार मीटर लांब व तीन मीटर रुंद अशी एक खोली घ्या. क्षेत्रफळ बारा चौरस मीटर. अर्धा मीटर थर धरला तर माती सहा घनमीटर झाली. दाबलेल्या मातीचा एक घनमीटर सुमारे दीड टनाहून अधिक भरतो. म्हणजे एका खोलीत झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर नऊ-दहा टन, एका मालमोटारीचा भार, टांगलेला होता.

एस.टी.ची गाडी एकदम सुटली की उभा प्रवासी मागे कलंडतो. पाय गाडीबरोबर जातात, धड जागीच राहू पाहते. डोक्यावर पोते असेल तर तो सावरणे अशक्य. भूकंपात जमीन अशीच आडवी ओढली जाते. पाया तिच्याबरोबर जातो, वरचा भार मागे राहू पाहतो आणि भिंतीला आडवा हिसका बसतो. भार जितका अधिक तितका हिसका मोठा. चिखलात रचलेली भिंत उभा भार पेलते, आडव्या हिसक्याने तिचे दोन पदर सुटतात, बाहेरचा बाहेर व आतला आत पडतो, आणि वरची माती खाली येते. म्हणूनच कुडाच्या हलक्या झोपड्या पुष्कळ ठिकाणी तगल्या आणि जाड भिंतींचे वाडे कोसळले.

येथे एक सावधगिरी हवी. माळवद हा अडाणीपणा नव्हता. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याने घर थंड ठेवले. दगड व माती गावातलीच, खर्च बेताचा. ज्या गावाच्या आठवणीत भूकंप नाही, त्याने उन्हाचा व गळतीचा विचार केला तर चुकले काय? जुन्या चालीमागचे कारण समजून घेतल्याशिवाय ती बदला म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, आणि ऐकू नये हेही बरोबरच आहे.

उपाय अद्भुत नाहीत. माळवदावरची जास्तीची माती काढून थर पातळ करावा व गळतीसाठी निराळी तजवीज करावी. भिंतीत ठरावीक अंतरावर दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड किंवा काँक्रीटचे तुकडे बसवावेत. दारे-खिडक्यांच्या वर घराच्या चारी भिंतींना कमरपट्ट्यासारखा सलग काँक्रीटचा पट्टा द्यावा. खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरपे आधार द्यावेत. नवे घर सिमेंटचे बांधले म्हणजे आपोआप निर्धास्त झालो असेही नव्हे. पट्टा सलग नसेल, कोपरे बांधलेले नसतील, तर सिमेंटचे घरही दगा देते. हे सर्व गावच्या गवंड्यास करता येण्याजोगे आहे. भूकंपाचा दिवस आपल्या हाती नाही. माळवदावर किती माती ठेवावी हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.

व्यासपीठ कोठे असावे

भूकंपानंतर पुनर्वसनाबरोबरच घरे दुरुस्त व मजबूत करण्याचा मोठा कार्यक्रम जागतिक बँकेच्या साह्याने हाती घेण्यात आला. घरमालकाने स्वतः देखरेख करून काम करावयाचे होते, म्हणून त्याला हे शास्त्र समजणे आवश्यक होते. ते समजावणार कोण? स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने शेकडो गावांतील महिला मंडळांच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. शासन व अभियंते यांचे म्हणणे गावाला आणि गावाच्या अडचणी शासनाला सांगण्याचे काम त्यांनी केले.

विज्ञानाच्या जाहीर व्याख्यानाचा याहून चांगला नमुना मराठवाड्यात सापडणे कठीण. तेथे सभागृह नव्हते, हार-तुरे नव्हते. सांगणारी बाई त्याच गावची, घराची कोणती भिंत ओलावते हे जाणणारी. ऐकणारा प्रश्न विचारू शके आणि सांगितलेले खरे की खोटे ते आपल्या भिंतीशी ताडून पाहू शके. नगरातील व्याख्यानमालेने यापासून शिकण्यासारखे आहे. भूकंपावर बोलावयाचे तर भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकाशेजारी एखादा गवंडीही बसवावा. व्याख्यान पाऊण तास आणि प्रश्नोत्तरे तासभर असावीत.

पाप-पुण्याचा प्रश्न

मोठी आपत्ती आली की ‘हे कोणाच्या पापाचे फळ?’ ही चर्चा सुरू होतेच. या बाबतीत १९३४ सालची हकीकत लक्षात ठेवण्याजोगी आहे. १५ जानेवारी रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल हे ईश्वरी शासन आहे, असे महात्मा गांधींनी म्हटले. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेचे तितकेच विरोधक होते, तरी त्यांनी जाहीर हरकत घेतली. भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, आणि असा युक्तिवाद उद्या विरुद्ध पक्षही तितक्याच सहजतेने वापरील, असा त्यांचा आशय होता. गांधींनी ते निवेदन आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापले व खाली आपले उत्तर दिले.

हेतू उत्तम असला तरी कारण चुकीचे देऊ नये, हा यातील पहिला धडा. किल्लारीत वाडा पडला व झोपडी तगली. त्याचे कारण वाड्यातल्यांचे पाप नव्हते, झोपडीतल्यांचे पुण्यही नव्हते. कारण वजन हे होते. मेलेल्यांच्या नातलगांना पापी ठरविणे ही नुसती विज्ञानाची चूक नाही, ती माणुसकीचीही चूक आहे. म्हणूनच विज्ञान आणि मानवतावाद हे दोन विषय येथे एकत्र येतात. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद व शोधक बुद्धी यांना एकाच कलमात बसविले आहे, ते यथार्थ आहे. दुसरा धडा असा की मतभेद दुसऱ्यास बोलू देऊन मांडावा. ज्या भूमीत सभेला परवानगी लागत होती, तेथील लोकांस याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आज

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी परिसरात जमिनीतून आवाज येऊ लागले व लोक भयभीत झाले. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी आणि पुन्हा १० जुलै रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ परिमाणाचे धक्के झाले, ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. किल्लारीच्या भूकंपात यांतील एकाच्या सुमारे साडेतीनशे पट ऊर्जा होती, एवढे सांगितले तरी भीतीला माप मिळते. अशा वेळी ‘आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का’ असा निरोप क्षणात हातोहाती फिरतो. तो खोटा हे ओळखण्यास भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. भूकंपाची वेळ कोणीही आधी सांगू शकत नाही एवढे पक्के ठाऊक असले की झाले.

विज्ञानाच्या व्याख्यानाला लावावयाची कसोटी यावरून ठरते. काय माहीत आहे व ते कशावरून. काय माहीत नाही. आणि जे माहीत आहे त्यावर उद्या सकाळी काय करता येईल, या तिन्ही गोष्टी श्रोत्यास कळल्या पाहिजेत. पहिली गाळली तर व्याख्यान प्रवचन होते, दुसरी गाळली तर भविष्यकथन होते, तिसरी गाळली तर करमणूक होते. मराठवाड्यात माळवदाची जुनी घरे आजही आहेत आणि उन्हाळ्यात त्यांवर माती चढविण्याचे दिवस व्याख्यानमालेच्या दिवसांतच येतात. या वर्षी माती चढविण्याआधी जुना थर मोजून पाहावा, एवढे जरी काही घरांत ठरले, तरी व्याख्यानमालेचा खटाटोप कारणी लागला असे समजावे.